६४ कोअरच्या मशीनवर रोम्स + डार्ट : अरबी समुद्र जमेल का? (आणि आधी कंपाइल का होत नाही?)

दर्यादिली
नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत होते. हा पहिलाच धागा, सांभाळून घ्या.

पीएचडीचं दुसरं वर्ष चालू आहे, काम अरबी समुद्राच्या वरच्या थरांवर. गाइडचं म्हणणं, नुसतं रोम्स (समुद्राचं संगणकीय मॉडेल) चालवून भागणार नाही. आर्गो फ्लोटची (समुद्रात वरखाली करत मोजमाप घेणारी तरंगती यंत्रं) तापमान-क्षारता आणि उपग्रहाने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान मॉडेलमध्ये मिसळायचं, तेही डार्ट या सॉफ्टवेअरने, एन्सेम्बल पद्धतीने. ज्यांचा हा विषय नाही त्यांच्यासाठी: थोड्याथोड्या फरकाने सुरू केलेले एकाच समुद्राचे ४० अवतार शेजारीशेजारी चालवायचे. जिथे त्यांचं एकमेकांशी पटत नाही तिथे मॉडेलला स्वतःची खात्री नाही असं धरायचं आणि निरीक्षणाचं जास्त ऐकायचं. जिथे सगळ्यांचं एकमत, तिथे निरीक्षणाला कमी भाव.

ग्रिड ५० ते ७८ पूर्व, ५ ते २६ उत्तर, एक द्वादशांश अंश (साधारण ९ किमी), उभे ४० थर. हाताशी लॅबमधलं ६४ कोअरचं एक मशीन. मोठ्या संगणकावर वेळ मागितलाय, रांगेत आहे.

प्रश्न दोन. एक, हे या मशीनवर होईल का? दोन, चार दिवस रोम्स कंपाइलच होत नाहीये. नेटसीडीएफ (डेटा फाइली वाचण्या-लिहिण्याची लायब्ररी) हिची मॉड फाइल ‘जीएनयू फोरट्रानची नाही’ म्हणून थांबतं. फाइल तर तिथेच आहे!

(इथे रोमन अक्षरं टाइप केली की आपोआप देवनागरी होतात, त्यामुळे कमांड जशाच्या तशा देता येत नाहीत. समजून घ्या.)

चहा_बिस्कीट
पहिला प्रतिसाद माझा. कळलं काही नाही. वाचतोय.

क्लस्टरवाला
दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण ते मला दर आठवड्याला कोणीतरी विचारतं.

फाइल आहे, पण दुसऱ्या कंपाइलरने बनवलेली आहे. फोरट्रानची मॉड फाइल (लायब्ररीत काय काय आहे ते कंपाइलरला सांगणारी) कंपाइलर बदलला की चालत नाही. तुमच्या मशीनवर नेटसीडीएफ बहुधा कोणीतरी इंटेलच्या कंपाइलरने बांधून ठेवलंय आणि तुम्ही रोम्स जीफोरट्रानने बांधताय. ‘एनएफ-कॉन्फिग’ला ‘एफसी’चा पर्याय देऊन विचारा, कोणता कंपाइलर वापरला ते तो सांगतो. नेटसीडीएफचा सी भाग आणि फोरट्रान भाग ४.२ आवृत्तीपासून वेगळे झालेत. दोन्ही लागतात, आणि एमपीआय (अनेक कोअरना एकमेकांशी बोलायला लावणारी लायब्ररी), एचडीएफ५ (नेटसीडीएफच्या खालची) सकट सगळं एकाच कंपाइलरचं हवं. मी अशा वेळी जुनं काही शोधत बसत नाही. आपल्या होम डिरेक्टरीत सगळं नव्याने बांधतो. दोन तास जातात, पण चार दिवस वाचतात.

जीफोरट्रान १० किंवा पुढचं असेल तर आणखी एक धक्का बसेल. जुन्या कोडमध्ये एकाच सबरूटीनला एकदा रिअल, एकदा इंटीजर दिलेला असतो. आधी नुसती ताकीद मिळायची, दहापासून तो थेट एरर झाला. ‘अलाऊ आर्ग्युमेंट मिसमॅच’ हा फ्लॅग लावायचा आणि पुढे जायचं.

सातवा_रकाना
क्लस्टरवाल्याशी सहमत, फक्त त्या शेवटच्या सल्ल्याशी नाही. फ्लॅग लावून पुढे जायचं म्हणजे चेक इंजिनच्या दिव्यावर चिकटपट्टी लावण्यासारखं आहे. लायब्ररीतल्या एमपीआय कॉलसाठी ठीक. पण तुम्ही स्वतः लिहिलेल्या फाइलमध्ये तोच एरर येत असेल, तर तो कंपाइलर तुमचं भलंच करतोय.

मी निवृत्त माणूस. फोरट्रान शिकलो तेव्हा कार्डं होती. सातव्या रकान्यापासून ओळ सुरू, बहात्तराव्याला संपली. त्र्याहत्तराव्यात तुम्ही काय लिहिता याच्याशी कंपाइलरला देणंघेणं नसे. एकदा एका ओळीच्या शेवटच्या आकड्याचा एक अंक नेमका तिकडे गेला होता आणि मी तीन दिवस भौतिकशास्त्रात चूक शोधत होतो. एमआयटीजीसीएम या दुसऱ्या समुद्र-मॉडेलचा बराच कोड आजही त्या जुन्या ठेवणीतला आहे, उघडला की घरी आल्यासारखं वाटतं. रोम्स त्यामानाने नव्या वळणाचं, पण सी प्रीप्रोसेसरचे ‘इफडेफ’ (कोडचे तुकडे चालू-बंद करणाऱ्या खुणा) इतके की मूळ कोड शोधायला कंदील लागतो.

बाई, आधी अरबी समुद्र बाजूला ठेवा. रोम्सबरोबर ‘अपवेलिंग’ नावाचं तयार उदाहरण येतं, ४१ बाय ८० चं ग्रिड, १६ थर. सुरुवातीची स्थिती, वारा, सगळं कोडमध्येच, बाहेरून एकही डेटा फाइल लागत नाही. ते आधी एका कोअरवर, मग चारांवर चालवा. दोन्ही उत्तरं जुळली की पुढे.

दर्यादिली
@क्लस्टरवाला, अगदी तेच निघालं! एनएफ-कॉन्फिगने इंटेलच सांगितलं. सगळं नव्याने बांधलं, रोम्स कंपाइल झालं. 🙏

@सातवा_रकाना काका, मला ‘तू’ म्हणा, प्लीज. अपवेलिंग चाललं. एका कोअरवर आणि चारांवर सारखंच. मग स्वतःचं ग्रिड लावलं तर दुसऱ्याच मिनिटाला सेगमेंटेशन फॉल्ट.

क्लस्टरवाला
‘यूलिमिट’ला एसचा पर्याय, पुढे ‘अनलिमिटेड’. स्टॅक (प्रोग्रामची तात्पुरती मेमरी) लहान पडतोय. तरी नाही गेला तर बाउंड्स चेक (ॲरेच्या बाहेर कोणी हात घालतंय का ते पाहणारा) लावून पुन्हा कंपाइल.

दर्यादिली
गेला! आता मॉडेल ‘ब्लोइंग अप’ असं लिहून मान टाकतंय. 😭

चहा_बिस्कीट
समुद्राचा स्फोट? महापालिकेला कळवलंत का?

सातवा_रकाना
टाइमस्टेप (मॉडेलचं एकेक पाऊल किती सेकंदांचं) काय घेतलास? तुझ्या भागात चार हजार मीटरचं पाणी आहे. पृष्ठभागाची लांब लाट तिथे सेकंदाला १९८ मीटर पळते, ताशी सातशेच्या वर. ९ किमीचा चौकोन ती ४५ सेकंदांत ओलांडते. रोम्स हा वेगवान भाग वेगळ्या छोट्या पावलांनी सोडवतं. समजा मोठं पाऊल ६०० सेकंदांचं आणि त्यात ३० छोटी, म्हणजे २० सेकंदांचं एक. एवढं ठीक. तू ६०० मध्ये १० ठेवली असशील तर ६० सेकंद झाले, फुटणारच.

दुसरं, तळ. रोम्सचे थर तळाच्या उंचसखलाबरोबर वरखाली होतात. मुंबईसमोर शेल्फ ऐसपैस आहे, पण पुढे उतार एकदम खाली जातो आणि लक्षद्वीपची डोंगररांग तर भिंतच. अशा जागी दाबातल्या फरकाचा हिशेब चुकतो आणि नसलेले प्रवाह वाहायला लागतात. तळ गुळगुळीत करून घे, उताराचं माप, ‘आरएक्स-शून्य’, ०.२ च्या आत आण. मग एक परीक्षा कर: वारा शून्य, उष्णता शून्य, सगळीकडे घनतेचे थर आडवे आणि सारखे. असा समुद्र हलायलाच नको. महिनाभर चालवून बघ, कुठे किती हलतो. जेवढा हलला तेवढं तुझ्या मॉडेलचं खोटं.

बांगडा_फ्राय
मी मालवणचा, घरची मासेमारी. आमच्या मोबाइलवर इन्कॉइसचा (समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था) संदेश मराठीत येतो, अमुक दिशेला अमुक खोलीवर मासा मिळण्याची शक्यता. ती ह्याच चाळीस समुद्रांतून येते काय? आणि आमच्या खाडीच्या तोंडाशी काय चाललंय ते ह्यात दिसतं काय?

शंकासुर
@बांगडा_फ्राय, तो सल्ला मुख्यतः उपग्रहाने मोजलेलं पृष्ठभागाचं तापमान आणि हरितद्रव्य यांवरून काढतात. थंड-गरम पाण्याची सीमा आणि वनस्पती-प्लवंग जिथे एकत्र, तिथे मासा. ढग आले की उपग्रह आंधळा. अर्थात जूनपासून तुमचीही बंदी असते म्हणा. हैदराबादला इन्कॉइसमध्ये रोम्सला एन्सेम्बल फिल्टर जोडलेली प्रणाली आहे खरी, पण ती समुद्राच्या स्थितीसाठी. ९ किमीच्या ग्रिडमध्ये तुमची खाडी एका ठिपक्याएवढीही नाही.

आता मूळ धाग्याबद्दल. माझं मत कटू आहे. ६४ कोअरवर ४० सदस्यांचं एन्सेम्बल हा हौसेचा मामला आहे. ऑस्ट्रेलियाच्या ब्लूलिंक या समुद्र-अंदाज प्रणालीने वर्षानुवर्षं एन्सेम्बल ऑप्टिमल इंटरपोलेशन वापरलं. त्यात मॉडेल एकच चालतं, मतभेदाचा नमुना जुन्या दीर्घ रनमधून एकदाच काढून ठेवायचा. चाळीसपट खर्च वाचतो. नाहीतर निरीक्षणं मिसळायची रोम्सची स्वतःची पद्धत, फोर-डी-व्हार, आहेच, बाहेरून डार्ट आणून चिकटवायची गरज काय?

बांगडा_फ्राय
म्हणजे खाडीसाठी आमचे आजोबाच बरे. उधाण आहे की भांग, एवढं बघूनच ते जाळं टाकायचे.

बर्गनची_पावसाळी
@शंकासुर, मुद्दा बरोबर आहे, निष्कर्ष नाही.

मी नॉर्वेत बर्गनला असते. एन्सेम्बल कालमन फिल्टर (ही चाळीस अवतारांची पद्धत) इथलाच. गेयर एव्हेन्सेन यांचा १९९४ चा निबंध, आणि तो समुद्राच्या मॉडेलवरच होता. हवामानवाल्यांनी पद्धत नंतर उचलली आणि आता आपलीच असल्यासारखे मिरवतात. इथल्या टोपाझ या समुद्र-अंदाज प्रणालीत १०० सदस्य चालतात. त्या खर्चाला अर्थ आहे कारण मतभेदाचा आकार रोज बदलतो. अरबी समुद्रात तर फारच. मे महिन्यात सोमालियाचा किनारा आणि जुलैमधला तोच किनारा हे दोन वेगळे देश आहेत. मोसमी वारा सुरू झाला की प्रवाह उलटतो, मोठा भोवरा तयार होतो, गार पाणी वर येतं. जुन्या रनमधून काढलेला सरासरी मतभेद या उलथापालथीत काय सांगणार? शिवाय फोर-डी-व्हारला ॲडजॉइंट (मॉडेलचा काळात उलटा चालणारा जोडीदार) लागतो. रोम्समध्ये तो आहे हे खरं, पण पहिल्यांदा शिकणाऱ्याला एन्सेम्बल कळायला सोपं पडतं. काहीही चुकलं तरी ४० नकाशे समोर मांडून बघता येतात.

खर्चाचा हिशेबही करूया. ३३६ गुणिले २५२ गुणिले ४०, म्हणजे ३४ लाख बिंदू. तापमान, क्षारता आणि दोन वेग धरून १.३५ कोटी आकडे. आठ बाइटप्रमाणे १०८ एमबी, चाळीसचे ४.३ जीबी. काहीच नाही. आता वेळ. समजा एका सदस्याला १६ कोअरवर पाच दिवस पुढे जायला १२ मिनिटं लागतात. एकावेळी चार, दहा फेऱ्या, दोन तास. वर्षात अशी ७३ चक्रं, १४६ तास. सहा दिवसांत एक वर्ष! दर्यादिली, तू खुशाल कर.

चहा_बिस्कीट
अवांतर: ‘एन्सेम्बल’ला मराठीत काय म्हणायचं? ‘चमू’? ‘ताफा’?

सातवा_रकाना
आम्ही ऑफिसात ‘दिंडी’ म्हणायचो. सगळे निघतात एकाच वाटेने, पण प्रत्येकाची चाल वेगळी.

शंकासुर
दिंडी पोचते एकाच ठिकाणी. यांची नाही पोचत, तोच तर मुद्दा आहे. ‘पंच’ म्हणा.

व्यवस्थापक
नावावरून वेगळा धागा काढावा ही विनंती. इथे समुद्र चालू द्या.

दर्यादिली
तीन आठवड्यांनी परत आले. काकांच्या सल्ल्याने तळ गुळगुळीत केला, छोटी पावलं ३० केली, आता फुटत नाही. स्थिर समुद्राच्या परीक्षेत लक्षद्वीपजवळ थोडा हलतो, पण चालवून घेण्याइतपत. डार्टसुद्धा कंपाइल झालं. त्यासोबत येणारं लोरेन्झचं तीन आकड्यांचं मॉडेल आधी चालवलं, फिल्टर नीट चालतो हे पाहिलं.

मग ४० सदस्य. पहिल्या चक्रानंतर डार्टने आर्गोकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तापमानात सुधारणा शून्य. निरीक्षण मॉडेलपेक्षा दीड अंशाने वेगळं, तरी शून्य!

बर्गनची_पावसाळी
सदस्यांमधला फैलाव किती आहे? स्प्रेड बघ.

दर्यादिली
शून्य पूर्णांक शून्य शून्य शून्य…

सापडलं. सांगायची लाज वाटते. स्क्रिप्टने ४० फोल्डर बनवले, ४० वेगळ्या सुरुवातीच्या फाइली ठेवल्या, पण रोम्सच्या इनपुट फाइलमध्ये ‘आयएनआयनेम’चा मार्ग पूर्ण लिहिलेला होता, पहिल्या फोल्डरचा. चाळीसही जणांनी एकच फाइल वाचली. ९६० कोअर-तास खर्च करून मी एकच समुद्र चाळीसदा चालवला.

चहा_बिस्कीट
झेरॉक्सच्या दुकानात स्वस्तात पडलं असतं.

सातवा_रकाना
लाज कसली. एकमत झालेल्या पंचांसमोर फिर्यादीचं कोण ऐकतो? फिल्टरने त्याचं काम चोख केलं.

दर्यादिली
मार्ग दुरुस्त केला. आता पहिल्या महिन्यात छान सुधारणा होते, आर्गोशी अंतर कमी होतं. पण दुसऱ्या-तिसऱ्या महिन्यात फैलाव आटतो आणि मॉडेल पुन्हा मनमानी करतं. वरच्या ५० मीटरमध्ये सगळ्यात आधी.

शंकासुर
सगळ्यांना वारा कोणता देतेस?

दर्यादिली
एकच रीअनालिसिस (निरीक्षणं मिसळून तयार केलेला जुन्या हवामानाचा संच). का?

शंकासुर
तू चाळीस ज्योतिषांकडे गेलीस, पण पंचांग सगळ्यांकडे एकच. मग भविष्य वेगळं कसं निघेल? समुद्राचा वरचा थर वारा आणि उष्णतेच्या मुठीत असतो. सुरुवातीचा फरक दोन महिन्यांत वारा पुसून टाकतो. प्रत्येक सदस्याला थोडा वेगळा वारा, वेगळं ऊन दे. फरक मात्र हवामानात शोभेलसा हवा, शेकडो किलोमीटर आणि काही दिवस टिकणारा. प्रत्येक बिंदूवर सुटा गोंगाट टाकलास तर मॉडेल तो एका तासात गिळतं.

(हो, मी एन्सेम्बलच्या विरोधात आहे. पण करायचंच तर नीट करा.)

बर्गनची_पावसाळी
+१. शंकासुरांचं हे उत्तर छापून भिंतीवर लावण्याजोगं. याला इतिहासही आहे. १९९४ च्या मूळ पद्धतीत निरीक्षणांमध्ये फरक केला जात नव्हता, त्यामुळे फैलाव हवा त्यापेक्षा जास्त आकसायचा. १९९८ मध्ये बर्गर्स आणि सहकाऱ्यांनी ते दाखवून दिलं. डार्टचे नेहमीचे फिल्टर ही अडचण वेगळ्या गणिताने टाळतात, पण मॉडेलच्या चुका आणि एकच वारा यांवर गणिताचा इलाज नाही. वारा बदलून उरलेली कसर इन्फ्लेशनने (फैलाव मुद्दाम फुगवून) भर. तेही जपून. जिथे निरीक्षणं नाहीत तिथे आंधळेपणाने फुगवत गेलीस तर खोल पाण्यात वेडंवाकडं दिसायला लागेल.

आणि तीन गोष्टी विचारते, कारण यांत मी स्वतः चुकले आहे.

आर्गोची त्रुटी किती दिलीस? त्याचा तापमापक ०.००२ अंशाइतका अचूक आहे, म्हणून मी पहिल्यांदा तेवढीच दिली होती. मॉडेलला असे हिसके बसले की दोन दिवसांत पडलं. फ्लोट एका जागचं पाणी मोजतो, मॉडेलचा चौकोन ९ किमीचा. त्या चौकोनात न मावणारे भोवरे ही सुद्धा त्रुटीच. थर्मोक्लाइनमध्ये (जिथे खोलीबरोबर तापमान झपाट्याने उतरतं) अर्धा अंश देऊन सुरुवात कर. डार्टला वर्ग करून द्यायची असते हे विसरू नकोस.

फ्लोट प्रत्यक्ष तापमान देतो, रोम्स पोटेन्शियल तापमानात (तेच पाणी पृष्ठभागावर आणलं तर जे असेल ते) विचार करतं. दोन हजार मीटरवर फरक दीड दशांश अंशाच्या आसपास जातो. तिथे नैसर्गिक बदलच इतका कमी की ही चूक सगळं गिळून टाकते. आर्गोचा क्यूसी झेंडा (दर्जाची खूण) एक, म्हणजे ‘चांगला’, असलेलेच आकडे घे.

आणि कटऑफ, म्हणजे एका निरीक्षणाचा प्रभाव किती दूर जाऊ द्यायचा ती मर्यादा. डार्टमध्ये तो रेडियनमध्ये आणि निम्मा असतो. ०.०३ म्हणजे १९१ किमी, प्रभाव शून्य होतो ३८२ किमीला.

दर्यादिली
ताई… मी कटऑफ २ ठेवलाय. अंश समजून.

क्लस्टरवाला
२ रेडियन म्हणजे १२,७४२ किमी. पृथ्वीचा व्यास!

चहा_बिस्कीट
रत्नागिरीत फ्लोट शिंकला की सोमालियात सर्दी.

बर्गनची_पावसाळी
हसू नका, याने खरंच नुकसान होतं. ४० सदस्यांत ज्यांचा काडीचाही संबंध नाही अशा दोन जागांमध्येही योगायोगाने ०.१६ च्या आसपास सहसंबंध दिसतो. सदस्यसंख्येतून एक वजा करून त्याचं वर्गमूळ काढ आणि एकाला त्याने भाग. एकेक फ्लोट असा हजारो बिंदूंना उगाच ढकलतो. फैलाव आटण्याचं निम्मं कारण हेच असणार.

बांगडा_फ्राय
एक विचारू? हिवाळ्यात आमच्याकडे दक्षिणेकडून पाणी येतं, वरचं पाणी जरा कमी खारट वाटतं असं गोव्याकडचे लोक सांगतात. ते तुमच्या समुद्रात येतं काय?

सातवा_रकाना
वा! धाग्यातला सर्वांत कामाचा प्रश्न. हिवाळ्यात किनाऱ्यालगतचा प्रवाह उत्तरेकडे वाहतो आणि बंगालच्या उपसागरातलं गोडसर पाणी श्रीलंकेला वळसा घालून अरबी समुद्रात येतं. तिचं ग्रिड ५ उत्तरेला आणि ७८ पूर्वेला संपतं. म्हणजे ते पाणी आत येतं की नाही हे सर्वस्वी तिने सीमेवर काय दिलंय यावर. दर्यादिली, सीमेच्या क्षारतेत सदस्यागणिक फरक आहे का?

दर्यादिली
नाही. सीमा चाळीस जणांना एकच. 🤦‍♀️ आर्गो क्षारतेबद्दल काहीतरी सांगत होता, आणि सदस्यांचं मात्र तिथे एकमत. बांगडाभाऊ, तुमचे आभार प्रबंधात मानणार.

बांगडा_फ्राय
प्रबंध नको, मालवणला या. जेवण माझ्याकडे.

शंकासुर
मूळ प्रश्नावर परत येतो: ६४ कोअरवर होईल का? बर्गनताईंचा हिशेब बरोबर निघाला का?

दर्यादिली
दीड महिन्याने लिहितेय. १२ मिनिटांऐवजी १९ लागतात, वर दर चक्राला डार्ट आणि फाइलींची ने-आण यात २५ मिनिटं. एका वर्षाला साधारण ११ दिवस. डिस्क दोनदा भरली, कारण ४० सदस्यांचं रोजचं आउटपुट साठवत होते. आता फक्त सरासरी, फैलाव आणि दर महिन्याच्या रीस्टार्ट (तिथून पुन्हा सुरू करायच्या) फाइली ठेवते.

वारा बदलला, सीमेवरची क्षारता बदलली, कटऑफ ०.०३ केला. फैलाव आता टिकतो. निरीक्षण आणि मॉडेलमधल्या फरकाचा वर्ग हा फैलावाचा वर्ग अधिक निरीक्षणाच्या त्रुटीचा वर्ग याच्याशी जुळायला हवा. वरच्या १०० मीटरमध्ये बऱ्यापैकी जुळतो. थर्मोक्लाइनमध्ये फैलाव अजून कमीच पडतोय. सोमालियाच्या किनाऱ्यावर जुलैत एक सदस्य, क्रमांक २७, दरवर्षी फुटतो. त्याला छोटी पावलं ४० देऊन पुन्हा चालवते.

मोठ्या संगणकावरचा अर्ज अजून रांगेतच.

क्लस्टरवाला
२७ ला बाकीच्यांपेक्षा जोरदार वारा गेलाय का ते बघा. आणि रीस्टार्टची एक प्रत दुसऱ्या डिस्कवर ठेवा, आजच.

चहा_बिस्कीट
२७ ला काही बोलू नका. दिंडीत एक तरी असा लागतोच.